चिल्लर आणि बंदा रुपया

आदिलाबादच्या बाजारपेठेत ‘चिल्लर’ या शब्दाला दुभाष्या लागत नाही. मराठी गिऱ्हाईक चिल्लर मागते, तेलुगू दुकानदार ‘चिल्लरा’ नाही म्हणून सांगतो, आणि दोघांनाही गल्ल्यातील सुटी नाणीच अभिप्रेत असतात. त्यामुळे अमेरिकेतील एका व्यावसायिक खेळाडूचे आडनाव चिल्लर आहे, हे आम्ही प्रथम वाचले तेव्हा थोडे हसू आले, हे कबूल केले पाहिजे. गृहस्थ सहा फूट तीन इंच उंच, वजन शंभर किलोंच्या वर, आणि व्यवसाय म्हणाल तर अंगावर धावून येणाऱ्या माणसाला जमिनीवर लोळविणे. अशा माणसाला तोंडावर चिल्लर म्हणण्याचे धाडस कोण करील?

पुढे उलगडा झाला. मूळ आडनाव छिल्लर. दिल्ली-हरियाणाकडील जाट समाजात हे नाव सर्वत्र आढळते. २०१७ साली विश्वसुंदरी ठरलेली मानुषी ही याच आडनावाची. रोमन लिपीच्या फेऱ्यात सापडून छिल्लरचा चिल्लर झाला, इतकेच. परंतु या निमित्ताने आणखी एक गंमत आमच्या ध्यानी आली. याच आडनावाचा दुसरा एक खेळाडू आपल्या परिचयाचा आहे, तोही बचावाचाच खेळाडू आहे, आणि दोघांचाही धागा पुण्याशी जुळतो. त्या दुसऱ्याकडे आपण पुढे येऊच. आधी सातासमुद्रापलीकडील चिल्लर पाहू.

वाचकांपैकी अनेकांची मुले-मुली आज अमेरिकेत आहेत. डॅलस म्हणा, शिकागो म्हणा, न्यू जर्सी म्हणा, आदिलाबाद, बेला, जैनद, भैंसा येथून निघालेली आमची तरुण मंडळी हैदराबादमार्गे तेथवर पोचली आहेत. त्यांच्याकडे सहा महिन्यांसाठी म्हणून गेलेल्या आईवडिलांची एक तक्रार ठरलेली असते. फेब्रुवारीतील एका रविवारी सारे गाव दूरदर्शन संचासमोर बसते, शिरस्त्राणे घातलेले धटिंगण एकमेकांच्या अंगावर पडतात, पुन्हा उठतात, पुन्हा पडतात, आणि याला म्हणे फुटबॉल म्हणायचे! चेंडूला पाय तर क्वचितच लागतो. जावईबापू समजावून सांगू लागतात, पण ‘डाऊन’ आणि ‘यार्ड’ यांच्या गर्दीत सासरेबुवांची वाट चुकते ती चुकतेच.

खरे पाहता हा खेळ समजण्यास आपल्याइतके लायक लोक नाहीत. कारण तो फुटबॉलपेक्षा हुतूतूलाच अधिक जवळचा आहे. चढाईपटूने दम धरून प्रतिपक्षाच्या अंगणात शिरावे, कोणाला तरी शिवून मध्यरेषेकडे परतावे आणि सात जणांनी मिळून त्याला तेथेच रोखावे, हा आपला खेळ. आपण हुतूतू म्हणतो, तेलुगू शेजारी चेडुगुडू म्हणतात, आणि स्पर्धेच्या पाटीवर कबड्डी असे लिहितात. त्या खेळात चढाई करणारा परतत नाही, एवढाच काय तो मोठा फरक. अंडाकृती चेंडू काखेत धरून त्याला सरळ पुढे जायचे असते. मैदान शंभर यार्ड लांबीचे, म्हणजे एक्क्याण्णव मीटरच्या आसपास, आणि दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचा पट्टा. चेंडू घेऊन त्या पट्ट्यात पोचले की सहा गुण. मात्र एका दमात तेवढे अंतर कापणे दुरापास्त. म्हणून चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकावे असा नियम आहे. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, न सरकलात तर चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन. प्रत्येक प्रयत्न म्हणजे एक चढाई, आणि चेंडूवाला खाली पडला की चढाई संपली, असे समजावे म्हणजे झाले.

कबड्डीतील खेळाडू चढाईही करतो आणि बचावही करतो. निदान करू शकतो. अमेरिकेतील व्यावसायिक संघांत मात्र कामाची वाटणी आपल्या जुन्या बलुतेदारीहूनही कडक आहे. चढाईचे अकरा वेगळे, बचावाचे अकरा वेगळे, चेंडू लाथाडणारा तर त्याहूनही वेगळा. बचावातील अकरांमध्ये सर्वांत पुढे पहाडासारखे अंगाचे तीन किंवा चार जण असतात. सर्वांत मागे चपळ, सडपातळ राखणदार. या दोहोंच्या मध्ये जे उभे राहतात त्यांना ‘लाइनबॅकर’ म्हणतात. आपला चिल्लर हा लाइनबॅकर.

या जागेचे मर्म थोडे सांगितले पाहिजे. पुढच्या पहाडांना फक्त ढकलायचे असते. मागच्यांना फक्त धावायचे असते. मधल्याला मात्र चेंडू हलल्यापासून निमिषमात्रात ठरवावे लागते की प्रतिपक्ष चेंडू घेऊन धावणार आहे की लांब फेकणार आहे. धावला तर छाती पुढे करून आडवे व्हायचे, फेकला तर उलट वळून झेल घेणाऱ्याच्या मागे पळायचे, आणि कधी संघनायकाची खूण झाली तर सर्व सोडून चेंडू फेकणाऱ्यावरच झडप घालायची. अंदाज चुकला की सारे मैदान मोकळे. आपल्याकडील जुने कबड्डी शिक्षक मुलांना बजावतात की चढाईवाल्याच्या डोळ्यांकडे पाहू नको, डोळे फसवितात. कमरेकडे पाहा, कंबर खोटे बोलत नाही. तेथील शिक्षकही पकडीच्या वेळी नेमके हेच शिकवितात.

ब्रँडन चिल्लर याचा जन्म २१ ऑक्टोबर १९८२ चा, लॉस एंजेलिस येथला. वडील दिल्लीकडून अमेरिकेत गेलेले. आई इटालियन आणि आयरिश वंशाची. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण किनाऱ्यावरील कार्ल्सबॅड या गावी तो वाढला आणि तेथल्याच सरकारी शाळेत हा खेळ शिकला. परदेशी गेलेल्या भारतीय घरातील मुलाचे पुढचे पाऊल कोणते असते हे वाचकांस सांगायला नको. वैद्यक नाहीतर अभियांत्रिकी. या मुलाने लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात प्रवेश घेतला तोही खेळाच्या बळावर. २००० ते २००३ अशी चार वर्षे तो त्या विद्यापीठाकडून खेळला. तेथील विद्यापीठीय सामन्यांना लाखाच्या आसपास प्रेक्षक बसू शकतील अशी क्रीडांगणे आहेत, एवढ्यावरून त्या पायरीचे महत्त्व कळावे.

विद्यापीठातून व्यावसायिक संघात जाण्याची रीत मोठी मजेशीर आहे. वर्षातून एकदा बत्तीस संघ एकत्र बसतात आणि पाळीपाळीने खेळाडू निवडतात. गेल्या हंगामात जो सर्वांत दुबळा ठरला त्याची पाळी पहिली. एकूण सात फेऱ्या होतात. २००४ च्या एप्रिलमध्ये चिल्लरचे नाव चौथ्या फेरीत, एकूण क्रमाने एकशे तिसावे, पुकारले गेले. पुकारणारा संघ सेंट लुईस शहराचा ‘रॅम्स’. पहिल्या फेरीतील मुलांची छायाचित्रे दुसऱ्या दिवशी सर्व वृत्तपत्रांत झळकतात. चौथ्या फेरीतील मुलाला संघात टिकायचेच असेल तर आधी मिळेल ते काम करावे लागते. चिल्लरने तेच केले, आणि पाहता पाहता मधल्या फळीत आपली जागा कायम केली.

संघ मात्र उतरणीला लागला होता. २००७ च्या हंगामात रॅम्सला सोळापैकी तीनच सामने जिंकता आले. पराभूत संघातील बचावाच्या खेळाडूचे दुःख निराळे असते. गुणफलकावर प्रतिपक्षाचे आकडे चढत जातात आणि प्रत्येक आकडा जणू त्याच्याच नावे लिहिला जातो. २००८ च्या मार्चमध्ये मुदत संपताच त्याने दुसऱ्या संघाशी करार केला, आणि हा दुसरा संघ असा होता की त्याच्याविषयी दोन शब्द अधिक लिहिल्यावाचून आम्हांस राहवत नाही.

विस्कॉन्सिन राज्यात ग्रीन बे नावाचे गाव आहे. वस्ती लाखाच्या थोडी वर, म्हणजे आपल्या आदिलाबाद शहराएवढी. न्यूयॉर्क, शिकागो, डॅलस अशा महानगरांच्या पंक्तीत या गावाचा संघ गेली शंभराहून अधिक वर्षे मांडीला मांडी लावून बसला आहे. १९१९ साली तो निघाला तेव्हा मांस डबाबंद करणाऱ्या एका स्थानिक कंपनीने पोशाखासाठी पाचशे डॉलर दिले. म्हणून नाव पडले ‘पॅकर्स’. त्या कंपनीचे नाव होते ‘इंडियन पॅकिंग कंपनी’. अर्थात तो इंडियन आपण नव्हे, अमेरिकेचा मूळ रहिवासी. पण योगायोग म्हणून नोंदवून ठेवण्याजोगा. इतर सर्व संघांचे मालक कोट्यधीश आहेत. या संघाला मालकच नाही. १९२३ पासून तो भागधारकांचा आहे आणि आज भागधारकांची संख्या पाच लाखांच्या वर आहे. भागावर लाभांश मिळत नाही, भाग बाजारात विकता येत नाही. तरी लोक रांगा लावून घेतात आणि प्रमाणपत्र चौकटीत घालून भिंतीवर टांगतात. सहकाराची थोरवी आपल्याकडे पुष्कळ गायिली जाते, पण लाभांशाशिवाय भाग घेणारे सभासद आम्ही तरी आपल्या मुलुखात पाहिलेले नाहीत.

थंडीचे म्हणाल तर तेलंगणात आदिलाबादची थंडी नामांकित. डिसेंबर-जानेवारीत येथील पारा चार-पाच अंशांवर उतरला की हैदराबादची वृत्तपत्रे बातम्या छापतात. ग्रीन बेच्या मैदानावर ३१ डिसेंबर १९६७ रोजी अंतिम फेरीआधीचा सामना झाला तेव्हा पारा शून्याखाली पंचवीस अंश होता, आणि प्रेक्षक शेवटपर्यंत बसून होते.

या गावात चिल्लर तीन हंगाम खेळला. पहिल्या वर्षी संघ हरतच होता. २००९ साली डॉम केपर्स नावाचे जाणते शिक्षक बचावाचे सूत्रधार म्हणून आले आणि त्यांनी मांडणीच बदलली. पुढील फळीतील पहाड चाराऐवजी तीन केले आणि मधले लाइनबॅकर तीनांऐवजी चार. ज्याला धावणाराही अडविता येतो आणि उलट वळून झेल घेणाऱ्याच्या पावलाला पाऊल लावूनही पळता येते, अशा माणसाची किंमत या मांडणीत वाढली. चिल्लरची ख्याती नेमकी याच दुसऱ्या गुणासाठी होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात संघाने त्याच्याशी आणखी चार वर्षांचा करार केला. रक्कम सव्वादोन कोटी डॉलरच्या घरात. दिल्लीकडून आलेल्या माणसाचा मुलगा बंदा रुपया ठरला तो असा.

येथे थोडे थांबून एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे, कारण अशा रकमा वाचून आपल्याकडे डोळे विस्फारतात. या खेळातील करार क्रिकेटच्या लिलावासारखे नसतात. चार वर्षांचा आकडा छापून येतो, पण त्यातील थोडाच भाग पक्का असतो. उरलेला खेळाडू संघात राहिला तरच. खेळाडूला दुखापत झाली, कामगिरी उतरली, किंवा त्याच जागी स्वस्तात दुसरा मिळाला, की संघ त्याला मोकळे करतो आणि उरलेली वर्षे कागदावर राहतात. या खेळात व्यावसायिक आयुष्य सरासरीने तीन-साडेतीन वर्षांचेच असते असे सांगतात. बागायतदाराचे उत्पन्न आणि कोरडवाहूची शाश्वती, असा हा सौदा आहे.

चिल्लरच्या बाबतीत तेच घडले. २०१० च्या हंगामात आधी मांडीचा स्नायू, मग खांदा. नोव्हेंबरच्या सुमारास त्याचे नाव जायबंदी खेळाडूंच्या यादीत गेले. त्या यादीत गेलेल्याला त्या हंगामात पुन्हा मैदानावर येता येत नसे. त्याच्या वयाला नुकतीच अठ्ठावीस वर्षे पूर्ण झाली होती.

आणि नेमके त्याच वर्षी पॅकर्सचे दैव फळफळले. जेमतेम शेवटच्या क्रमांकाने बाद फेरीत शिरलेला हा संघ परक्यांच्या मैदानांवर लागोपाठ तीन सामने जिंकून अंतिम सामन्याला पोचला. ६ फेब्रुवारी २०११ रोजी डॅलसजवळच्या आर्लिंग्टन येथे त्याने पिट्सबर्गच्या संघाला ३१-२५ असे हरविले. जायबंदी यादीतील सुमारे पंधरा जणांचे हात या विजयाला प्रत्यक्षात लागले नव्हते. चिल्लर त्यांपैकी एक.

सामन्याच्या आठवड्यातील एक प्रसंग आमच्या मनात घर करून बसला आहे. अंतिम सामन्याआधी संघाचे एकत्रित छायाचित्र काढण्याची प्रथा आहे. पॅकर्सच्या व्यवस्थापनाने ते मंगळवारी काढायचे ठरविले. जायबंदी खेळाडू डॅलसला पोचणार होते त्यानंतर. म्हणजे ज्यांनी हंगामाच्या आरंभी हाडे मोडून घेतली, त्यांचे चेहरे त्या छायाचित्रात येणारच नव्हते. चिल्लरचा मधल्या फळीतील जोडीदार निक बार्नेट आणि दुसरा जायबंदी खेळाडू जरमायकल फिन्ली यांनी उघड नाराजी बोलून दाखविली. थोडी चर्चा झाली, थोडे शब्द वाढले. शेवटी छायाचित्र शुक्रवारवर ढकलण्यात आले आणि सर्वांना रांगेत जागा मिळाली. कोटी-कोटी डॉलर मिळविणारी ही माणसे, पण भांडली ती एका छायाचित्रासाठी. आपल्या घरी लग्नाच्या छायाचित्रातून चुलत्याचा अर्धा चेहरा कापला गेला तर वीस वर्षे त्याची आठवण निघते. तेव्हा या भांडणाचे आम्हांस मुळीच नवल वाटले नाही.

जुलैच्या अखेरीस पॅकर्सने बार्नेट आणि चिल्लर या दोघांनाही मोकळे केले. चिल्लर पुन्हा कोणत्याही व्यावसायिक संघाकडून मैदानात उतरला नाही. सात वर्षांची कारकीर्द एका खांद्यापाशी संपली.

त्याच २०११ च्या ऑगस्टात त्याचे नाव निराळ्याच कारणाने आपल्याकडे छापून आले. भारतात अमेरिकन फुटबॉलची एक स्पर्धा सुरू होणार अशी घोषणा झाली. पैसा घालणाऱ्यांत अभिनेते मार्क वॉल्बर्ग होते, शिकागोचे विख्यात शिक्षक माइक डिट्का होते, डॅलसचे मायकल अर्विन होते, आणि आपला चिल्लर होता. संघांची नावे ऐकून कोणाही मराठी माणसाचे कान टवकारावेत: ‘पुणे मराठाज’, ‘मुंबई ग्लॅडिएटर्स’. हैदराबादचाही एक संघ होता, त्याचे नाव ‘स्कायकिंग्ज’. कबड्डी, कुस्ती, रग्बी आणि मैदानी खेळ यांतून तरुण निवडले गेले. ज्यांनी आयुष्यात कधी शिरस्त्राण घातले नव्हते, त्यांना खांद्यांची कवचे चढवून रांगेत उभे करण्यात आले. भारतातील मोठी क्रीडांगणे क्रिकेटच्या ताब्यात. तेव्हा २०१२ साली पहिला हंगाम खेळविला गेला तो कोलंबोच्या सुगथदास मैदानावर. अंतिम सामन्यात पुणे मराठाजने दिल्लीच्या संघावर मात केली.

एवढी मजल मारूनही हे रोपटे आपल्या मातीत रुजले नाही. सामने दूरचित्रवाणीवर दिसले, थोडे कुतूहल निर्माण झाले आणि ओसरले. आमच्या मते यात फारसे आश्चर्य नाही. साधने खर्चिक, मैदान मोठे, नियम किचकट. आणि माणसाने माणसाला अडविण्याचा आनंद आपल्याला तेरा मीटर बाय दहा मीटरच्या मातीत फुकट मिळतो. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनला जाऊन ऑलिंपिकच्या प्रसंगी जगाला आपले खेळ दाखविले होते. त्या वेळी कबड्डी पाहणाऱ्या युरोपियनांना जसे वाटले असेल, तसेच काहीसे पुणेकरांना हे शिरस्त्राणधारी पाहून वाटले असावे.

परंतु रोपटे रुजले नाही याचे आम्हांस मुळीच वाईट वाटत नाही. त्याचे कारण त्याच वर्षात दडलेले आहे, आणि ते लिहिताना लेखणी जड होते.

वर ज्या माइक डिट्कांचा उल्लेख आला, त्यांच्या शिकागो संघाने १९८६ च्या जानेवारीत अंतिम सामना जिंकला तो बचावाच्या जोरावर. तसा बचाव पुन्हा झाला नाही असे जाणकार आजही म्हणतात. त्या फळीत डेव्ह ड्युअर्सन नावाचा एक खेळाडू मागच्या राखणीला असे. नामांकित विद्यापीठाचा अर्थशास्त्राचा पदवीधर, निवृत्तीनंतर उद्योगात उतरलेला, समाजसेवेसाठी गौरविलेला. पुढे त्याची स्मृती दगा देऊ लागली, स्वभाव बिघडला, संसार मोडला. १७ फेब्रुवारी २०११ रोजी, म्हणजे पॅकर्सच्या विजयानंतर अवघ्या अकराव्या दिवशी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी त्याने स्वतःच्या हाताने जीवन संपविले. मागे लिहून ठेवले की माझा मेंदू संशोधनासाठी द्यावा. बोस्टनच्या तज्ज्ञांनी तपासला. त्याची शंका खरी निघाली.

हा विकार काय आहे ते थोडक्यात सांगतो. कवटीत मेंदू पाण्यात ठेवल्यासारखा असतो. जोराची टक्कर झाली की कवटी थांबते, मेंदू थांबत नाही. तो आतल्या आत आपटतो. एकदा आपटला तर बहुधा सावरतो. पण वर्षानुवर्षे, आठवड्यातून शेकडो लहान-मोठे हादरे बसत राहिले तर मेंदूच्या पेशींत ‘टाऊ’ नावाचे एक प्रथिन गोळा होऊ लागते आणि हळूहळू भोवतालच्या पेशी मरू लागतात. लक्षणे दहा-वीस वर्षांनी दिसतात: विसराळूपणा, संताप, नैराश्य. जिवंतपणी याचे निश्चित निदान अजूनही करता येत नाही. पिट्सबर्ग येथे काम करणारे नायजेरियन डॉक्टर बेनेट ओमालू यांनी २००२ साली माइक वेब्स्टर या जुन्या खेळाडूच्या मेंदूत हा विकार प्रथम ओळखला तेव्हा फुटबॉलच्या संघटनेने त्यांचे म्हणणे धुडकावून लावले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्यावसायिक खेळाडूंचे १११ मेंदू तपासले गेले आणि त्यांतील ११० मध्ये हा विकार सापडला. अर्थात ज्यांच्या घरच्यांना आधीच शंका होती त्यांनीच मेंदू दिले असणार. म्हणून हे प्रमाण सर्व खेळाडूंना लागू पडत नाही. तरीही आकडा वाचून अंगावर काटा येतो.

शिरस्त्राण कवटी फुटू देत नाही, मेंदू हलणे त्याला थांबविता येत नाही. उलट डोक्याला कवच आहे या भरवशावर खेळाडू डोकेच पुढे करून आदळतो. रक्षणासाठी दिलेली ढाल शस्त्र बनते. आपला उघड्या डोक्याचा कबड्डीपटू डोके वाचवून खेळतो, कारण त्याला ते आपलेच आहे हे पक्के ठाऊक असते.

चिल्लरच्या गावाला लागूनच ओशनसाइड नावाचे गाव आहे. तेथला जुनियर सेऊ हाही लाइनबॅकरच. वीस हंगाम खेळलेला, त्या साऱ्या किनाऱ्यावरील मुलांचे दैवत. चिल्लर शाळेत होता तेव्हा सेऊ ऐन भरात होता. २०१२ च्या मे महिन्यात, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्याचाही शेवट ड्युअर्सनसारखाच झाला आणि मेंदूत तोच विकार निघाला. शेवटी हजारो माजी खेळाडूंनी दावे लावले. संघटनेने २०१३ साली तडजोड मान्य केली, आणि २०१५ साली न्यायालयाने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. त्याच २०१५ च्या आरंभी माइक डिट्कांना मुलाखतीत विचारण्यात आले की आज तुमचा मुलगा आठ वर्षांचा असता तर त्याला हा खेळ खेळू दिला असता काय? ज्यांनी साऱ्या जन्मात दुसरे काही केले नाही, ज्यांनी हा खेळ भारतात आणण्यासाठी पैसा घातला, त्या गृहस्थांनी उत्तर दिले, नाही.

चिल्लरचा खांदा अठ्ठाविसाव्या वर्षी गेला तेव्हा त्याचे दैव फुटले असे सर्वांनाच वाटले असेल. आम्हांस आता तसे वाटत नाही. सेऊसारखे वीस हंगाम खेळण्यापेक्षा सात हंगामांनंतर खांदा धरून घरी येणे बरे, असे कोणाही आईबापाला वाटेल.

आता दुसऱ्या छिल्लरविषयी. मनजीत छिल्लर दिल्लीजवळच्या निझामपूर गावचा. हे कबड्डीचे गाव. भारताचा माजी कर्णधार राकेश कुमार हाही येथलाच. मनजीत आधी कुस्ती खेळत असे, पुढे कबड्डीकडे वळला. चढाईही करी, पण त्याचा खरा दरारा पकडीचा. घोट्याला हात घातला की सुटका नाही. २०१४ साली इंचिऑन येथील आशियाई स्पर्धेत आणि २०१६ च्या विश्वचषकात विजयी झालेल्या भारतीय संघात तो होता. २०१५ साली त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. व्यावसायिक कबड्डीत पकडींचे तीनशेहून अधिक गुण त्याच्या नावावर आहेत. २०१६ साली तो पुणेरी पलटणचा कर्णधार होता. ब्रँडनचा पैसा पुण्याच्या नावाच्या संघापर्यंत पोचला होता, मनजीतचे पाय पुण्याच्या संघाकडून प्रत्यक्ष मैदानात उतरले.

दोघांच्या मिळकतीची तुलना करू गेल्यास मनजीतचे आकडे खरोखरच चिल्लर वाटतील. पण २०२२ च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या संघाने अंतिम सामन्यात पाटण्याला ३७-३६ असे एका गुणाने हरविले, तेव्हा त्या संघाच्या बचावफळीची मदार ज्या जुन्या खोडांवर होती त्यांत मनजीत होता. वय पस्तीस. त्या फळीला लोक गमतीने म्हाताऱ्यांची फळी म्हणत.

कबड्डीत दुखापती होत नाहीत असे मात्र कोणी समजू नये. गुडघे आणि घोटे जातात, खांदे निखळतात, बोटे मोडतात. डोकेही आपटते. आपल्या भागात कापूस वेचून शेते मोकळी झाली की पेनगंगेच्या दोन्ही तीरांवरील गावांत सामने सुरू होतात. १९५६ साली किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबादपासून तोडून पलीकडे दिले गेले, पण कबड्डीच्या मैदानाने ती सीमा अजून मानलेली नाही. तिकडची पोरे इकडे येतात, इकडची तिकडे जातात. दिव्यांच्या उजेडात, कडक मातीवर, पकडीत पाच जण अंगावर पडतात आणि खालचा मुलगा क्षणभर उठत नाही. मग तोंडावर पाणी मारतात, पाठीवर थाप देतात, आणि टाळ्यांच्या गजरात त्याला पुन्हा आत पाठवितात. आम्हीही अशा टाळ्या वाजविल्या आहेत. डोक्याला मार बसून ज्याला भोवळ आली, ज्याला गुणसंख्या आठवेना, त्याला त्या दिवशी पुन्हा खेळवायचे नाही असा नियम अमेरिकेतील फुटबॉलमध्ये आता आहे, आणि तो करण्याआधी त्यांनी फार मोठी किंमत मोजली. आपल्याकडे पंचाच्या शिट्टीखेरीज यासाठी काहीच लागत नाही. येत्या हंगामात सामने भरविणाऱ्या मंडळांनी पंचांना ही एक सूचना आधीच देऊन ठेवावी, आणि तोंडावर पाणी मारणाऱ्या हौशी मंडळींना थोडे मागे उभे करावे.